टूलमध्ये कोलेशन दिसतं, स्क्रिप्टमध्ये दिसत नाही: ते जातं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेटाबेस डिझाइनच्या टूलमध्ये मायएसक्यूएलसाठी मॉडेल बनवलं. त्यात छोट्या लिंकच्या कोडच्या कॉलमचं कोलेशन, म्हणजे मजकुराची तुलना आणि क्रम लावण्याचा नियम, मुद्दाम ‘आस्की_बिन’ (फक्त साधी रोमन अक्षरं, छोटं-मोठं वेगळं) ठेवलं आणि माणसांच्या नावांच्या कॉलमचं ‘यूटीएफ८एमबी४_युनिकोड_५२०_सीआय’ (कुठल्याही लिपीची अक्षरं, छोटं-मोठं एकच) ठेवलं. टूलमध्ये कॉलम उघडला की दोन्ही सेटिंग जागेवर दिसतात, कोडच्या कॉलमला ‘बायनरी’च्या चौकटीवर टिकही आहे. पण एक्स्पोर्ट केलेल्या स्क्रिप्टमध्ये त्या कॉलमपुढे नुसतं ‘व्हारकॅर(३२) नॉट नल’ येतं. सर्व्हरवर चढवल्यावर सगळे कॉलम एकाच कोलेशनचे होतात. टूल बिघडलंय, की आपलं काही चुकतंय?

कारणांकडे वळण्याआधी एक सांगतो. ही स्क्रिप्ट अजून चालू डेटाबेसवर चालवली नसेल तर चालवू नका, आणि टूलमधलं सिंक करायचं (मॉडेलप्रमाणे चालू डेटाबेस बदलणारं) बटण तर अजिबात दाबू नका. एक्स्पोर्टमध्ये सेटिंग गळलं तर नवीन टेबल चुकीचं बनतं. सिंकमध्ये गळलं तर असलेलं बरोबर टेबल बिघडतं. दुसरं जास्त महागात पडतं, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मायएसक्यूएलमध्ये मजकुराचं सेटिंग, म्हणजे कॅरेक्टर सेट (कुठली अक्षरं मावतात आणि ती बाइटमध्ये कशी लिहायची) आणि कोलेशन, चार पातळ्यांवर असतं: सर्व्हर, डेटाबेस, टेबल आणि कॉलम. कॉलमला काही सांगितलं नाही तर तो टेबलाचं घेतो, टेबलाला सांगितलं नाही तर ते डेटाबेसचं घेतं, डेटाबेसला सांगितलं नाही तर तो सर्व्हरचं घेतो. इथे बऱ्याच जणांची एक गैरसमजूत असते. हे घेणं जन्माच्या वेळी एकदाच होतं. टेबल बनताना कॉलमला जे मिळालं ते त्याच्या नावावर कायमचं लिहिलं जातं, नंतर टेबलाचं डिफॉल्ट बदललं तरी जुने कॉलम हलत नाहीत. म्हणजे स्क्रिप्टमध्ये एखादा शब्द नसला, तर त्या जागी काय येणार हे स्क्रिप्ट ज्या सर्व्हरवर चालेल तो ठरवतो, आणि एकदा ठरलं की ते पक्कं होऊन बसतं.

आता टूल काय करतं ते बघू. अशा टूलच्या कोडमध्ये साधारण असा विचार असतो: कॉलमचं कोलेशन टेबलाच्या कोलेशनसारखंच असेल तर ते पुन्हा लिहायची गरज नाही, स्क्रिप्ट उगाच लांब होते. टेबलाचं डेटाबेससारखंच असेल तर तिथेही तेच. विचार ऐकायला शहाणपणाचा आहे, पण तुलना होते ती मॉडेलमधल्या डिफॉल्टशी, आणि स्क्रिप्ट चालते ती भलत्याच सर्व्हरवर. मॉडेलमध्ये डेटाबेसचं डिफॉल्ट यूटीएफ८एमबी४ आहे म्हणून टूलने टेबलावर काही लिहिलं नाही, टेबलासारखंच म्हणून कॉलमवरही काही लिहिलं नाही, आणि समोरचा सर्व्हर निघाला मायएसक्यूएल ५.७चा, ज्याचं स्वतःचं डिफॉल्ट लॅटिन१ (पश्चिम युरोपातल्या भाषांचा कॅरेक्टर सेट) आणि ‘लॅटिन१_स्वीडिश_सीआय’ आहे. सगळं घर स्वीडिश होऊन बसतं.

तुम्ही म्हणाल, स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘क्रिएट स्कीमा इफ नॉट एक्झिस्ट्स’ आणि त्यापुढे कॅरेक्टर सेट लिहिलेला आहे की. असतो. पण ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’चा अर्थ असा की डेटाबेस आधीच असेल तर ती पूर्ण ओळ सोडून द्यायची, कॅरेक्टर सेटसकट. सर्व्हर सांभाळणाऱ्याने डेटाबेस आधीच बनवून दिलेला असतो, बहुतेक वेळा नुसत्या नावाने. ओळ दिसते, चालते, फार तर एक वॉर्निंग देते, आणि काहीही करत नाही. मी या एका ओळीमागे दोन वेळा पूर्ण संध्याकाळ घालवली आहे.

पण तुमच्या प्रश्नात कोडचा कॉलम टेबलापेक्षा वेगळा आहे. ‘आस्की_बिन’ कुठल्याही अंगाने टेबलाच्या डिफॉल्टसारखं नाही. मग तेही का गळलं? इथे घोडं कुठे पेंड खातं ते शोधायला चार ठिकाणं बघावी लागतात: टूलमधली खिडकी, मॉडेलची फाइल, स्क्रिप्ट आणि सर्व्हर. सेटिंग यांपैकी कुठल्या दोन ठिकाणांच्या मध्ये मरतं ते कळलं की निम्मं काम झालं.

मॉडेलची फाइल बघणं लोक टाळतात, खरं तर ते सर्वांत सोपं आहे. बऱ्याच टूलच्या फाइली म्हणजे झिप केलेला एक्सएमएल असतो. फाइलची प्रत काढा, झिपसारखी उघडा, आतल्या मोठ्या फाइलमध्ये कॉलमचं नाव शोधा. त्याच्या आसपास कोलेशनचं नाव असेल तर टूलला ते माहीत आहे आणि ते एक्स्पोर्ट करताना गळतंय. नसेल, तर खिडकीत दिसणारं नाव सेव्हच झालेलं नाही. मला असं एक टूल भेटलं होतं, ज्यात कोलेशन निवडून एंटर न दाबता थेट पुढच्या कॉलमवर क्लिक केलं की निवड त्या सत्रापुरती दिसायची. बंद करून उघडलं की गायब. त्याला बग म्हणा की सवय, पण एक्स्पोर्टला दोष देऊन उपयोग नव्हता.

फाइलमध्ये आहे आणि स्क्रिप्टमध्ये नाही, असं असेल तर माझ्या अनुभवात तीनच कारणं निघतात. टूलकडे कोलेशनच्या नावांची स्वतःची यादी असते, आणि ती टूल निघालं त्या काळची असते. ‘०९००’वाली कोलेशन मायएसक्यूएल ८.० बरोबर आली, जे २०१८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याआधीच्या यादीत ही नावं नसतात. अनोळखी नाव आलं की चांगलं टूल थांबतं आणि विचारतं, बाकीची मूग गिळून ते शब्द वगळतात. दुसरं कारण म्हणजे मॉडेल एका डेटाबेसच्या प्रकारात बनवलेलं असतं आणि एक्स्पोर्ट दुसऱ्या प्रकारात होतो. पोस्टग्रेसमध्ये एन्कोडिंग पूर्ण डेटाबेसचं असतं, कॉलमला फक्त कोलेशन देता येतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कोलेशनच्या नावातच बरंच काही ठरलेलं असतं. मधला सामाईक नमुना या सगळ्यांत जे सारखं आहे तेवढंच ठेवतो, आणि त्यात कॉलमचा कॅरेक्टर सेट बसत नाही. याच वाटेने येणारा एक छुपा त्रास: एसक्यूएल सर्व्हरकडून आलेला ‘एनव्हारकॅर’ तसाच मायएसक्यूएलला दिला तर तो तिथे तीन बाइटचा यूटीएफ८एमबी३ होतो, चार बाइटचा नाही.

तिसरं कारण तुमच्या बाबतीत मला सर्वांत शक्य वाटतं, कारण तुम्ही लिहिलंय की खिडकीत ‘बायनरी’च्या चौकटीवर टिक आहे. मायएसक्यूएलमध्ये ‘व्हारकॅर’पुढे ‘बायनरी’ लिहिण्याचा जुना प्रघात होता. त्याचा अर्थ ‘व्हारबायनरी’ असा नाही. त्याचा अर्थ एवढाच की कॉलमला जो कॅरेक्टर सेट लागू होईल त्याचं ‘_बिन’ कोलेशन घ्या. हा प्रघात ८.०.१७ पासून मोडीत काढायच्या यादीत आहे. टूल ८.० साठी एक्स्पोर्ट करताना तो शब्द टाळतं, ते बरोबरच आहे, पण त्याच्या जागी ‘कोलेट आस्की_बिन’ लिहायला विसरतं. टिक काढा, कोलेशन नावाने निवडा, पुन्हा एक्स्पोर्ट करून बघा. एवढ्याने सुटलं तर सोन्याहून पिवळं.

अर्धवट गळणं हे पूर्ण गळण्यापेक्षा वाईट, कारण ते डोळ्याला दिसत नाही. टेबलाचं कोलेशन ‘यूटीएफ८एमबी४_युनिकोड_५२०_सीआय’ आहे, आणि कॉलमच्या ओळीत टूलने फक्त ‘कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४’ लिहिलंय, कोलेशन लिहिलेलं नाही. वाचणारा म्हणतो, ठीक आहे, कोलेशन टेबलाचं येईल. येत नाही. कॅरेक्टर सेट नावाने सांगितला आणि कोलेशन सांगितलं नाही, की मायएसक्यूएल टेबलाकडे बघत नाही, त्या कॅरेक्टर सेटचं स्वतःचं डिफॉल्ट कोलेशन लावतं. आणि ते डिफॉल्ट आवृत्तीनुसार बदललेलं आहे: ५.७ मध्ये ‘यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय’, ८.० मध्ये ‘यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय’. एकच फाइल, एकही अक्षर न बदलता, दोन सर्व्हरवर दोन वेगळे डेटाबेस बनवते. उलट बाजूने मात्र सोय आहे. नुसतं कोलेशन लिहिलं तर कॅरेक्टर सेट त्याच्या नावावरून कळतो. म्हणून दोन्हींपैकी एकच शब्द ठेवायचा असेल तर कोलेशन ठेवा.

या फरकाने प्रत्यक्षात काय होतं, हे ज्यांनी भोगलेलं नाही त्यांना तो काथ्याकूट वाटतो. म्हणून माझ्यावर बेतलेली एक गोष्ट सांगतो. फाइल दुसऱ्याला पाठवायच्या एका सेवेत प्रत्येक फाइलला सहा अक्षरांचा कोड मिळायचा: छोटी रोमन अक्षरं, मोठी अक्षरं आणि अंक. एकूण ६२ चिन्हं, म्हणजे सुमारे ५,६८० कोटी वेगवेगळे कोड. कॉलम मॉडेलमध्ये ‘आस्की_बिन’ होता. एकदा ते गळलं, कॉलम ‘सीआय’ झाला, म्हणजे छोटं-मोठं अक्षर एकच. चिन्हं उरली ३६, कोड उरले सुमारे २१८ कोटी. तरी आकडा मोठा वाटतो, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. युनिक इंडेक्स (तीच किंमत दुसऱ्यांदा आत येऊ न देणारा) कोडवर एकट्यावर नव्हता, कोड आणि तारखेवर मिळून होता. त्यामुळे ‘ड्युप्लिकेट एन्ट्री’ची १०६२ नंबरची एररही बराच काळ आली नाही. शेवटी एका ग्राहकाने कळवलं की त्याने आपली लिंक उघडली आणि समोर दुसऱ्याचाच करारनामा आला. दोन कोडमध्ये फरक होता तो फक्त एका मोठ्या ‘क्यू’चा. प्रोग्रॅम तपासला, कॅश तपासला, लोड बॅलन्सरवर संशय घेतला. शेवटच्या दिवशी कोणीतरी कॉलमचं कोलेशन बघितलं.

आवाज करून मोडणारी प्रकरणं त्यामानाने बरी. दोन टेबलांचा जॉइन करताना एक कॉलम ‘जनरल_सीआय’ आणि दुसरा ‘०९००_एआय_सीआय’ निघाला तर १२६७ नंबरची ‘इल्लिगल मिक्स ऑफ कोलेशन्स’ एरर येते आणि काम थांबतं. फॉरेन कीच्या (एका टेबलातला कॉलम दुसऱ्या टेबलातल्या कॉलमशी बांधणाऱ्या दुव्याच्या) दोन टोकांना कॅरेक्टर सेट आणि कोलेशन सारखंच लागतं. नसेल तर ८.० मध्ये ३७८० येते, जुन्यात नुसतं १२१५, ज्यावरून काहीच बोध होत नाही. पण एक कॉलम यूटीएफ८एमबी३ आणि दुसरा यूटीएफ८एमबी४ असेल तर एरर येत नाही. लहान संच मोठ्यात बदलून तुलना होते, आणि ज्या कॉलमला असं बदलावं लागतं त्याचा इंडेक्स वापरता येत नाही. अहवाल बरोबर येतो, फक्त सेकंदाचा तास होतो. लोक मग रॅम वाढवतात.

लांबीचंही तसंच. आस्की कॉलमला एका अक्षराला एक बाइट धरतात, यूटीएफ८एमबी४ला चार. २५५ अक्षरांचा कॉलम आस्कीतून यूटीएफ८एमबी४मध्ये घसरला की इंडेक्ससाठी १,०२० बाइट लागतात. इनोडीबीच्या (मायएसक्यूएलच्या डेटा साठवणाऱ्या इंजिनाच्या) जुन्या रो फॉरमॅटमध्ये मर्यादा ७६७ बाइटची होती (नव्या ‘डायनॅमिक’मध्ये ३,०७२), त्यामुळे १०७१ नंबरची ‘की टू लाँग’ येते. जुन्या टेबलांमध्ये जागोजागी १९१ हा विचित्र आकडा दिसतो तो यामुळेच, १९१ गुणिले ४ म्हणजे ७६४.

थोडं विषयांतर करतो, पण आपल्याला ते लागू आहे. देवनागरी अक्षरं यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट घेतात, त्यामुळे यूटीएफ८एमबी३ मध्ये मराठी मजकूर सुखाने राहतो, आणि ‘आपलं चालतंय की’ असं वाटत राहतं. इमोजी आली की चार बाइट लागतात आणि मोडतं, हे आता सर्वांना माहीत आहे. पण मोडी लिपीही तिथेच आहे. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० व्या आवृत्तीत आली, आणि तिची जागा मूळ पहिल्या ६५,५३६ च्या पलीकडे आहे. म्हणजे मोडीचं एक अक्षरही यूटीएफ८एमबी३ मध्ये मावत नाही. यूटीएफ८एमबी४ दिलं पण कोलेशन गळून ‘जनरल_सीआय’ किंवा जुनं ‘युनिकोड_सीआय’ झालं, तर मजकूर मावतो, पण तुलनेत गंमत होते. या दोन्ही कोलेशनांत त्या पलीकडच्या सगळ्या अक्षरांचं वजन एकच धरलेलं आहे. मोडीतला ‘क’ आणि मोडीतला ‘ह’ त्यांच्या लेखी समान. सारख्याच संख्येने खुणा असलेले कुठलेही दोन मोडी शब्द समान. हसरा चेहरा आणि रडका चेहरा समान. ज्या कॉलमवर युनिक इंडेक्स आहे तिथे दुसरी नोंद आत येतच नाही. ‘५२०’ किंवा ‘०९००’वालं कोलेशन दिलं की हे सगळं सुटतं. मोडी दस्तऐवजांची सूची बनवणाऱ्या कोणी तुमच्यासारखं ‘५२०’ निवडलं आणि टूलने ते गाळलं, तर काय होईल ते बघा.

बरं, तपासायचं कसं. टूलमधलं चित्र पुरावा नाही, स्क्रिप्टही पूर्ण पुरावा नाही. सर्व्हर काय म्हणतो तेच खरं. ‘इन्फर्मेशन स्कीमा’मधल्या ‘कॉलम्स’ टेबलात प्रत्येक कॉलमचा कॅरेक्टर सेट आणि कोलेशन वेगवेगळं लिहिलेलं असतं, डिफॉल्टने आलेलं असो वा नावाने दिलेलं. त्यातून टेबलाचं नाव, कॉलमचं नाव, कॉलम टाइप आणि ही दोन, एवढं नावाच्या क्रमाने काढा आणि साध्या फाइलमध्ये ठेवा. जिथे सगळं बरोबर आहे अशा डेटाबेसची एक फाइल, नव्याची एक, आणि दोन्हींचा डिफ (फरकांची यादी). ‘शो क्रिएट टेबल’ डोळ्यांनी वाचून हे करू नका, कारण टेबलाच्या डिफॉल्टसारखा असलेला कॉलम तिथे सहसा मोकळाच छापला जातो, आणि चाळीस टेबलांनंतर डोळे त्या मोकळ्या जागेला सरावतात. डिफमध्ये एक खोटी घंटा वाजते ती आधीच सांगतो: ८.०.३० पासून जुन्या ‘यूटीएफ८_’ कोलेशनांची नावं ‘यूटीएफ८एमबी३_’ अशी दिसतात. नाव बदललंय, वस्तू तीच आहे.

जुना बरोबर डेटाबेस हाताशी नसेल, नुसती स्क्रिप्टच असेल, तर मी एक उपाय करतो. चाचणीच्या सर्व्हरवर त्याच नावाचा डेटाबेस आधी बनवून ठेवतो आणि त्याचं डिफॉल्ट ठेवतो ‘ग्रीक’. हो, मायएसक्यूएलमध्ये ग्रीक कॅरेक्टर सेट आहे. मग स्क्रिप्टच्या प्रतीत टेबलांच्या शेवटी लिहिलेले डिफॉल्ट कॅरेक्टर सेट आणि कोलेशन काढून टाकतो आणि ती चालवतो. वरची ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ची ओळ आपोआप निष्प्रभ होते. आता ज्या कॉलमपुढे स्वतःचं काही लिहिलेलं नाही तो प्रत्येक कॉलम ग्रीक होऊन समोर उभा राहतो. डिफॉल्ट किमतीत मराठी शब्द असलेला कॉलम मात्र इथे एरर देईल, तेवढी ओळ हाताने सोडवा. ग्रीकच का? कारण खऱ्या कामात ते चुकूनही कुठे येत नाही. लॅटिन१ ठेवलं असतं तर ‘हे मुद्दाम असेल का’ असा विचार करत बसावं लागतं.

आता सिंकबद्दल, जे सुरुवातीला राहिलं होतं. कॉलममध्ये बारीक बदल करायचा, समजा ३२ ची लांबी ४० करायची, तर टूल ‘ऑल्टर टेबल मॉडिफाय’ असं वाक्य बनवतं. मॉडिफायमध्ये कॉलमची पूर्ण व्याख्या पुन्हा द्यावी लागते. जे लिहिलं नाही ते जुन्यातून उचललं जात नाही: नॉट नल नाही, कॉमेंट नाही, आणि कोलेशनही नाही. म्हणजे लांबी वाढवायला गेलात आणि ‘आस्की_बिन’ जाऊन टेबलाचं डिफॉल्ट आलं. माझ्या गोष्टीतला कॉलमही असाच गेला होता, नवीन टेबल बनवताना नव्हे. त्यातही वाट लॅटिन१कडे घसरत असेल तर मराठी मजकुराचं काय होतं ते सर्व्हरच्या मोडवर ठरतं. स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारा) असेल तर १३६६ नंबरची एरर येते आणि काही बिघडत नाही. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, वॉर्निंग येते, आणि वॉर्निंग कोणी वाचत नाही.

प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरण्याआधी ‘हेक्स’ फंक्शनने त्या कॉलममधले बाइट बघा. ‘३एफ ३एफ ३एफ’ अशी रांग असेल तर मजकूर खरोखर गेला, बॅकअपशिवाय इलाज नाही. ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ने सुरू होणारे तीन-तीनचे गट दिसत असतील तर देवनागरी जिवंत आहे, फक्त दाखवताना चुकतंय. तिसरा प्रकार म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याला चिकटून येनचं चिन्ह, असा कचरा पडद्यावर येतो. तो म्हणजे हेच बाइट, लॅटिन१ समजून वाचलेले. कॉलम लॅटिन१चा असेल आणि आतले बाइट यूटीएफ-८चे असतील तर सरळ यूटीएफ८एमबी४ करू नका, कचऱ्याचंच इमाने-इतबारे भाषांतर होईल. आधी कॉलम ‘व्हारबायनरी’ करा, म्हणजे मायएसक्यूएल त्याकडे मजकूर म्हणून बघणं सोडतं, आणि मग ‘व्हारकॅर’ यूटीएफ८एमबी४ करा. पूर्ण टेबलाची प्रत बाजूला ठेवून मगच.

साध्या दुरुस्तीसाठी, जिथे डेटा शाबूत आहे आणि फक्त कोलेशन चुकलंय, तिथे ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट’ हा एका ओळीचा मोह होतो. तुमच्या प्रकरणात तो उपयोगाचा नाही. तो टेबलातल्या सगळ्या मजकुराच्या कॉलमना एकाच रंगात बुडवतो, तुमचा ‘आस्की_बिन’ कॉलमही त्यात जातो. शिवाय लॅटिन१मधून यूटीएफ८एमबी४कडे जाताना ‘टेक्स्ट’ कॉलम ‘मीडियमटेक्स्ट’ होतो, जेणेकरून पूर्वीइतकी अक्षरं मावावीत. हेतू चांगला, पण पुढच्या सिंकला टूल हा फरक पकडून पुन्हा उलटं वाक्य बनवतं. त्यापेक्षा एकेका कॉलमला मॉडिफाय द्या, पूर्ण व्याख्येसकट. कोडच्या कॉलमला ‘आस्की_बिन’ करण्याआधी त्यात आस्कीबाहेरचं काही शिरलंय का ते बघा: कॉलम आणि त्याचं आस्कीत ‘कन्व्हर्ट’ केलेलं रूप वेगळं निघणाऱ्या ओळी काढा. ‘सीआय’कडून ‘बिन’कडे जाताना युनिक इंडेक्स सहसा अडत नाही, कारण तुलना जास्त काटेकोर होते. उलट दिशेने जाताना अडू शकतो.

हे ऑल्टर सहसा पूर्ण टेबलाची नवी प्रत बनवून होतात आणि तोवर त्या टेबलात लिहिणं थांबतं. मोठ्या टेबलाला त्यासाठी वेळ राखून ठेवा.

पुढे हे होऊ नये म्हणून टूलच्या प्राधान्यांमध्ये ‘डिफॉल्टसारखं असलं तरी कोलेशन लिहा’ अशा अर्थाचा पर्याय आहे का ते बघा. असेल तर तो चालू करून विषय संपतो. नसेल तर मी दोन गोष्टी करतो. प्रत्येक टेबलाला मॉडेलमध्ये स्वतःचं कोलेशन नावाने देतो, ‘डिफॉल्ट’ असं कुठेही ठेवत नाही. आणि ज्या थोड्या कॉलमचं सेटिंग खरोखर जिवावरचं आहे, त्यांच्यासाठी हाताने लिहिलेली एक वेगळी फाइल ठेवतो, ज्यात फक्त मॉडिफायची वाक्यं असतात आणि जी एक्स्पोर्टनंतर दर वेळी चालवली जाते. असे कॉलम कुठल्याही डेटाबेसमध्ये मोजके असतात: कोड, टोकन, हॅश, आणि शोधायची नावं. टूलमधून येणारी स्क्रिप्ट हाताने दुरुस्त करून ठेवण्यात अर्थ नाही, पुढच्या एक्स्पोर्टला ती पुसली जाते.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: बायनरीची टिक काढून कोलेशन नावाने द्या, मॉडेल बंद करून पुन्हा उघडा, एक्स्पोर्ट करा, ग्रीकची चाचणी घ्या. कोडचा कॉलम दुसऱ्या टेबलातून फॉरेन कीने जोडलेला असेल तर दुरुस्ती करताना आधी ती की काढा, मूळ टेबलातला कॉलम बदला, मग जोडलेल्या टेबलातला, आणि मग की परत लावा. ‘फॉरेन की चेक्स’ शून्य करून की काढण्या-लावण्याची पायरी वगळता येते, पण मग दुसरं टोक बदलायचं राहून गेलं तरी सर्व्हर गप्प बसतो.